कुमारवयातील हृद्गती : मुलगा, मुलगी आणि व्यायाम

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. मैदानावर कबड्डी, खो-खो आणि धावण्याचे सराव सुरू होतात, आणि त्याच सुमारास आमच्या चिकित्सालयात एक ठरावीक रुग्णवर्ग दिसू लागतो. तेरा ते अठरा वर्षांची मुलगी, सोबत काळजीत पडलेली आई, आणि तक्रार एकच : "धावली की हिची छाती फार धडधडते हो, वैद्यराज. हृदय तर कमजोर नाही ना?" कधी मुलगा येतो, तो भरतीसाठी पहाटे धावणारा असतो, आणि त्याची तक्रार नेमकी उलटी असते : नाडी फारच मंद आहे असे कोणीतरी सांगितलेले असते.

दोघांचीही नाडी आपण पाहतो. वात, पित्त, कफ यांची गती अनुभवाने जाणतो. परंतु मिनिटाला ठोके किती, आणि ते या वयाच्या, या लिंगाच्या, इतका व्यायाम करणाऱ्या व्यक्तीत प्राकृत आहेत की नाहीत, हा प्रश्न आपण स्वतःला किती वेळा विचारतो? या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने आमच्या हातून घडलेली एक चूक प्रथम नमूद करतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

एक कबुली

काही वर्षांपूर्वी नववीत शिकणारी, कबड्डी खेळणारी एक मुलगी आमच्याकडे आणली गेली. सरावात धाप लागते, छातीत धडधड होते, अभ्यासात लक्ष नाही, अशा तक्रारी होत्या. आमचे चिकित्सालय पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढून ती आली आणि लगेच समोर बसली. आम्ही मनगट हाती घेतले, पंधरा सेकंद मोजले, चारने गुणले. उत्तर १०४ आले. आम्ही आईला सांगितले, "मुलींची नाडी मुलांपेक्षा जलदच असते. त्यात वय हे असे. काळजी नको." एक हृद्य कल्प लिहून दिला आणि महिनाभर खेळ बंद ठेवण्याचा सल्ला दिला.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा चेहऱ्याचा फिकेपणा आमच्याही नजरेतून सुटला नाही. नखे पांढुरकी, जीभ गुळगुळीत, जिना चढल्यावर बोलताना वाक्य तुटत होते. बोलता बोलता धाकट्या भावाने सांगून टाकले की ताई पाटीवरची पेन्सिल खाते. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. पाच मिनिटे स्वस्थ बसवून पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी तेव्हाही १०० होती.

मुलींची नाडी किंचित जलद असते, हे आमचे विधान खोटे नव्हते. खोटा होता तो त्याचा वापर. मुलगा आणि मुलगी यांच्या हृद्गतीतील प्राकृत भेद हा पाच-सात ठोक्यांचा आहे. त्याच्या पदराआड आम्ही वीस-पंचवीस ठोके लपवले. शिवाय जी मुलगी खेळत होती तिला निदान न करताच घरी बसवले. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर प्राकृत काय आहे हे आधी नेमके ठाऊक हवे.

नाडी आणि संख्या

बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे सविस्तर वर्णन नाही. ते शार्ङ्गधर संहितेत प्रथम स्पष्टपणे येते, आणि पुढे भावप्रकाश, योगरत्नाकर या ग्रंथांत विस्तारते. सर्प आणि जळू, कावळा आणि बेडूक, हंस आणि पारवा यांच्या चालीच्या उपमा आपण विद्यार्थिदशेत पाठ केल्या. या उपमांत वेग आहे, परंतु त्याला अंक नाही. पाश्चात्त्य वैद्यकातही मिनिटाच्या हिशेबाने नाडी मोजण्याची प्रथा पुष्कळ उशिराची आहे. इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर याने नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ करवून घेऊन त्यावर १७०७ मध्ये ग्रंथ लिहिला. तेव्हा संख्या मोजणे हे परकीय आणि गती ओळखणे हेच स्वकीय, असा अभिनिवेश धरण्याचे कारण नाही. बोटांखाली गती ओळखावी आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहून संख्याही मोजावी.

योगरत्नाकरादी ग्रंथांतील एक सूचना येथे विशेष महत्त्वाची आहे. नुकतेच स्नान केलेल्या, जेवलेल्या, भुकेल्या, तहानलेल्या, उन्हातून आलेल्या आणि व्यायामाने थकलेल्या व्यक्तीची नाडी नीट समजत नाही, असे ते सांगतात. आमच्या त्या रुग्णेच्या बाबतीत आम्ही हाच नियम मोडला होता. जिना हाही व्यायामच होय, आणि पांडुरोग्याला तर तो मोठाच व्यायाम होय.

विश्रांतीतील हृद्गती

नवजात बालकाचे हृदय मिनिटाला साधारण १२० ते १६० वेळा स्पंदन पावते. वय वाढते तसा हा वेग उतरत जातो आणि कुमारवयात तो प्रौढांच्या मर्यादेत, म्हणजे ६० ते १०० च्या दरम्यान येतो. बहुतेक निरोगी कुमारांत विश्रांतीची नाडी ७० ते ८५ च्या आसपास सापडते. मुलींची सरासरी मुलांपेक्षा साधारण ३ ते ७ ठोक्यांनी अधिक असते.

हा भेद का, याचे उत्तर हृदयाच्या आकारात आणि रक्ताच्या गुणात आहे. वयात येताना मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाने मांसधातू वाढतो, हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो आणि हिमोग्लोबिनही वाढते. मुलींमध्ये ही वाढ तुलनेने मर्यादित राहते, आणि मासिक रजःस्रावाने लोहाचा व्यय सुरू होतो. सुश्रुताचार्यांनी रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून सांगितला आहे, तसेच पुरुष पंचविसाव्या आणि स्त्री सोळाव्या वर्षी पूर्ण वीर्यास पोहोचतात असे म्हटले आहे. दोघांच्या परिपक्वतेचा मार्ग आणि काळ वेगळा आहे, ही दृष्टी आपल्या शास्त्रात प्रथमपासून आहे.

हिशेब साधा आहे. समजा दोघांच्याही शरीराला विश्रांतीत मिनिटाला ४.८ लिटर रक्त लागते. मुलाचे हृदय एका आकुंचनात ६४ मिलिलिटर रक्त पुढे ढकलत असेल तर ७५ ठोक्यांत काम भागते. मुलीचे हृदय ६० मिलिलिटर ढकलत असेल तर तेवढ्याच कामाला ८० ठोके लागतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु तत्त्व खरे आहे. लहान घागरीने तेवढेच पाणी भरावयाचे तर फेऱ्या अधिक होतात. याला हृदयाची दुर्बलता म्हणत नाहीत.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ऋतुचक्राच्या उत्तरार्धात विश्रांतीची नाडी दोन-चार ठोक्यांनी वाढलेली आढळते. दुसरी, कुमारवयात श्वास घेताना नाडी जलद आणि सोडताना मंद होणे अगदी सामान्य आहे. ही अनियमितता श्वासाच्या लयीशी बांधलेली असते आणि ती निरोगी चेतासंस्थेचे लक्षण मानली जाते. तिला रोग समजून आईवडिलांना घाबरवू नये.

व्यायामात काय घडते

मुलगा आणि मुलगी एकाच वेगाने धावू लागले की दोघांचेही हृदय जलद होते, परंतु मुलीचे अधिक जलद होते. वरील उदाहरण पुढे नेऊ. दोघांनाही मिनिटाला १२ लिटर रक्त लागू लागले. मुलाच्या हृदयाचे एक आकुंचन आता ८० मिलिलिटरचे झाले, त्याला १५० ठोके लागले. मुलीचे ७५ मिलिलिटरचे झाले, तिला १६० लागले. तिचे हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यास रक्तच अधिक लागेल आणि ठोके त्याहून वाढतील.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हृदयाच्या वेगाची कमाल मर्यादा कुमारवयात मुलगा आणि मुलगी यांच्यात जवळजवळ समान असते. पूर्ण दमेपर्यंत धावल्यावर ती दोघांतही सुमारे १९५ ते २०५ येते आणि कुमारवयाच्या बहुतेक काळात फारशी बदलत नाही. २२० मधून वय वजा करण्याचे जे सूत्र व्यायामशाळांच्या भिंतींवर लावलेले असते, ते प्रौढांसाठी ठोकळमानाने मांडलेले आहे. कुमारांसाठी ते विश्वसनीय नाही.

याचा अर्थ काय होतो? दोघांची कमाल मर्यादा २०० धरू. मुलाजवळ ७५ पासून २०० पर्यंत १२५ ठोक्यांची राखीव गती आहे. त्याने १५० पर्यंत जाताना त्यातील ७५, म्हणजे ६० टक्के वापरली. मुलीजवळ ८० पासून २०० पर्यंत १२० ठोक्यांची राखीव गती आहे. तिने १६० पर्यंत जाताना त्यातील ८०, म्हणजे सुमारे ६७ टक्के वापरली. मैदान एक, वेग एक, पण श्रम वेगळा. शिट्टी वाजवून सर्वांना एकाच वेगाने पळवणाऱ्याला हे दिसत नाही. वैद्याला दिसले पाहिजे.

अर्धशक्तीचे मर्म

येथे आपल्या शास्त्राचा अर्धशक्ती हा शब्द विलक्षण उपयोगी पडतो. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी शीत काळात व वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्याइतका व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. निम्मी शक्ती कशी ओळखावी याचे लक्षण सुश्रुताचार्यांनी दिले आहे. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला, की बलार्ध झाले. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरड ही टीकाकारांनी सांगितलेली सोबतची लक्षणे होत.

या लक्षणात वेगाचा, अंतराचा किंवा वेळेचा उल्लेख नाही. माप व्यक्तीच्या स्वतःच्या श्वासाला आणि हृदयाला लावलेले आहे. वरील उदाहरणात राखीव गतीचा निम्मा भाग काढला तर मुलाचा अर्धबिंदू सुमारे १३७ आणि मुलीचा १४० येतो, म्हणजे जवळजवळ एकच. मात्र त्या बिंदूला मुलगी कमी वेगाने धावतानाच पोहोचते. सुश्रुतोक्त बलार्ध आणि आधुनिक राखीव गतीचा निम्मा भाग तंतोतंत एकच आहेत असा आमचा दावा नाही. दोहोंचा उपदेश मात्र एकाच दिशेचा आहे. धावताना छोटे वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी अवस्था रोजच्या व्यायामाला योग्य. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा.

शक्तीबाहेरच्या व्यायामाने श्रम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, श्वास, कास, ज्वर, छर्दी होतात, हा चरकाचार्यांचा इशाराही विसरू नये. ग्रीष्मात त्याच व्यायामाला नाडी अधिक चढते. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांच्या क्रीडाशिबिरांत याकडे लक्ष हवे.

अभ्यासाने होणारा पालट

येथवर वाचून कोणी असे समजेल की मुलींनी कमीच खेळावे. निष्कर्ष नेमका उलटा आहे. नियमित व्यायामाने हृदयाचा कप्पा विस्तारतो, प्रत्येक आकुंचनात अधिक रक्त जाते, व्हेगस नाडीचा प्रभाव वाढतो आणि विश्रांतीची हृद्गती उतरते. हा पालट मुलगा व मुलगी दोघांतही होतो, आणि लिंगभेदाने पडणाऱ्या अंतराहून तो सहज मोठा असू शकतो. लांब अंतर धावणाऱ्या मुलीची नाडी, दिवसभर बसून राहणाऱ्या तिच्या भावापेक्षा मंद असते. लिंग जन्माने मिळते, हृदयाचा सराव मात्र कमावता येतो.

आरंभी उल्लेखिलेला सतरा वर्षांचा भरतीचा उमेदवार येथे आठवतो. त्याच्या ईसीजीच्या कागदावर यंत्राने ब्रॅडिकार्डिया असे छापले होते, कारण नाडी ५० होती. घरात रडारड झाली होती. त्याला ना भोवळ, ना थकवा, ना छातीत वेदना. पायरीवर तीन मिनिटे चढउतार करवली तेव्हा नाडी सुरेख चढली आणि थांबल्यावर झपाट्याने उतरली. ईसीजीत अन्य दोष नसल्याचे हृदयतज्ज्ञांनीही सांगितले. तो दोन वर्षे रोज धावत होता, त्याचेच हे फळ होते. परंतु याच ५० ठोक्यांसोबत भोवळ, अकारण थकवा किंवा थायरॉईडच्या न्यूनतेची लक्षणे असती तर आमचे उत्तर वेगळे असते.

जगभरातील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांविषयी २०१६ पर्यंतची जी माहिती १४६ देशांतून एकत्र केली गेली, तिच्यात ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. मुलांत हे प्रमाण ७७.६ टक्के, तर मुलींत ८४.७ टक्के होते. पाच ते सतरा वर्षे वयात रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे मुलगी वयात आली की तिचे मैदान आपोआप सुटते. त्यात वैद्याने "धडधड होते, धावू नकोस" असे म्हटले की उरलेले दारही बंद होते. असा सल्ला लिहिताना लेखणी थांबली पाहिजे.

पांडूचे पूर्वरूप

चरकाचार्यांनी पांडुरोगाच्या पूर्वरूपांत हृदयस्पंदनाचा समावेश केला आहे. त्वचा फिकी होण्याआधीच धडधड सांगणारी ही सूक्ष्म दृष्टी आम्ही पाठ केली होती, पण त्या दिवशी वापरली नाही. माती खाण्याने होणारा पांडूचा पाचवा प्रकारही त्याच अध्यायात आहे. पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, भिंतीचे पोपडे खाणारी मुलगी आपल्यापैकी कोणी पाहिली नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्ताल्प आढळल्या. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. म्हणजे धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीत रक्ताल्पता असण्याची शक्यता नसण्यापेक्षा अधिक आहे. मुलांतही ती दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार १२ ते १४ वर्षांत दोघांसाठी १२ ग्रॅम, पंधरा वर्षांपासून मुलींसाठी १२ आणि मुलांसाठी १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताल्पता होय.

नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह ही आपली समर्थ साधने आहेतच. अग्नी पाहून, कृमींचा विचार करून, रजःस्रावाचे प्रमाण विचारून त्यांची योजना करावी. शाळांतून आठवड्याला एकदा मिळणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळीही मुलीने खरोखर गिळली की खिडकीतून टाकली, हे विचारावे. दोन्ही लोहे एकत्र चालू असल्यास एकूण मात्रेचे भान ठेवावे. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असल्यास किंवा उपचारांनी महिनाभरात चढत नसल्यास कारणाचा पुढील शोध तज्ज्ञांकडून करून घ्यावा.

आमच्या त्या रुग्णेचे कृमी, आहार आणि लोह या तिन्हींकडे पाहिले. चार महिन्यांनी तिची विश्रांतीची नाडी ८२ वर आली आणि ती पुन्हा कबड्डीच्या संघात उभी राहिली. जे काम आधीच व्हावयाचे होते ते उशिरा झाले, इतकेच.

चिकित्सालयातील सोपी चाचणी

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा भक्कम पाट किंवा पायरी पुरे.

१) रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. चहा, जेवण, ऊन किंवा जिना यांनंतर लगेच मोजू नये. ज्वर असल्यास त्या दिवशीची संख्या गृहीत धरू नये, कारण दर एक अंश सेल्सिअस तापामागे नाडी साधारण दहाने वाढते.

२) विश्रांतीची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी. पंधरा सेकंदांत एका ठोक्याची चूक झाली तर गुणाकारानंतर ती चारची होते.

३) मिनिटाला २४ वेळा, अशी तीन मिनिटे पायरीवर चढउतार करवावी. थांबताच खाली बसवून पहिल्या पंधरा सेकंदांची नाडी मोजावी व चारने गुणावी. येथे पूर्ण मिनिट मोजू नये, कारण मोजता मोजताच वेग उतरत असतो.

४) बरोबर एक मिनिटाने पुन्हा पंधरा सेकंद मोजावे. वेग जितका झपाट्याने उतरेल तितका हृदयाचा सराव चांगला.

५) तारीख, वेळ, झोप, मुलीच्या बाबतीत पाळीचा दिवस, आणि वरील तीनही संख्या एका कार्डावर लिहाव्यात. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावे. मुलीची तुलना शेजारच्या मुलाशी न करता तिच्या स्वतःच्या मागील कार्डाशी करावी.

पुढील लक्षणे असणाऱ्यांत ही चाचणी करू नये, त्यांस थेट हृदयतज्ज्ञांकडे पाठवावे : धावताना किंवा श्रमात आलेली मूर्च्छा, श्रमाने छातीत येणारी वेदना, कुटुंबात तरुण वयात अकस्मात झालेला मृत्यू, विश्रांतीतही सतत १०० च्या वर राहणारी नाडी, बसल्याजागी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी, १८० च्या वर जाणारी धडधड, श्वासाशी संबंध नसलेली अनियमितता, हृदयावर ऐकू येणारा अनैसर्गिक ध्वनी, पूर्वी सांधे सुजून आलेला ताप. यांतील धावताना आलेली मूर्च्छा ही "उपाशी असेल" म्हणून कधीही सोडू नये. हृदयाच्या स्नायूंचे जन्मजात विकार आणि विद्युत्प्रवाहाचे दोष अनेकदा प्रथम मैदानावरच प्रकट होतात.

औषधालयचालक बंधूंस विनंती

धडधडीची पहिली तक्रार पुष्कळदा वैद्याकडे न येता आपल्या दुकानाच्या फळीवर येते. आई येते आणि मुलीसाठी अर्जुनारिष्टाची बाटली मागते. अर्जुन थोर आहे, परंतु हिमोग्लोबिन ८ असलेल्या मुलीत तो निदान लांबवतो. "आधी रक्त तपासून घ्या" हे चार शब्द आपण उच्चारले तर एका विक्रीचे नुकसान होईल, पण एका घराचा विश्वास मिळेल.

मुलगा किंवा मुलगी आणखी काय घेत आहे हेही विचारावे. दम्याचे साल्ब्युटामॉल, सर्दीच्या मिश्रणांतील स्यूडोएफेड्रिन, थायरॉक्सिनची अधिक मात्रा, कॅफीनयुक्त उत्तेजक पेये, व्यायामशाळेतून मिळणारी चूर्णे, या सर्वांनी नाडी वाढू शकते. आपल्या घरातील द्रव्यांकडेही तितक्याच प्रामाणिकपणे पाहावे. सोम नावाने वापरले जाणारे एफेड्रा हृद्गती वाढवते. अमेरिकेत आहारपूरकांमधून त्यावर २००४ मध्ये बंदी आली. त्रिभुवनकीर्तीसारख्या कल्पांतील वत्सनाभ अनुसूची ई-१ मध्ये आहे. त्याच्या अतिमात्रेने हृदयाची लय गंभीरपणे बिघडते. असे कल्प कुमारवयीनांस वैद्याच्या पत्राशिवाय देऊ नयेत.

समारोप

मुलींची हृद्गती मुलांपेक्षा किंचित अधिक असते, समान व्यायामात ती अधिक चढते, कमाल मर्यादा मात्र दोघांची सारखीच असते, आणि नियमित सरावाने दोघांचीही विश्रांतीची गती उतरते. इतके चार धागे हाती धरले तर दोन टोकांच्या चुका टळतील. प्राकृत नाडीला रोग ठरवून मुलीला मैदानाबाहेर काढणे ही एक, आणि रोगाला "मुलींचे असेच असते" म्हणून प्राकृत ठरवणे ही दुसरी. आम्ही एकाच रुग्णेत या दोन्ही चुका केल्या, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे समजतो.

येत्या क्रीडाहंगामात आपल्या परिसरातील एखाद्या शाळेत जावे, पाट आणि घड्याळ सोबत न्यावे, आणि मुला-मुलींना स्वतःची नाडी स्वतः मोजावयास शिकवावे. आपले हृदय आपल्याच बोटांखाली चढताना आणि उतरताना ज्या मुलीने एकदा अनुभवले, तिला धडधडीचे भय उरणार नाही. आणि ज्या दिवशी ते नेहमीप्रमाणे उतरणार नाही, त्या दिवशी ती स्वतःहून आपल्याकडे येईल. वाचक वैद्यांनी आपले अनुभव, विशेषतः आपल्या चुका, अवश्य लिहून कळवाव्यात.

इत्यलम्।